बालकाचे मस्तक वाढू लागले तर

घरातील तान्ह्या बालकाचे मस्तक प्रमाणाबाहेर वाढू लागले, म्हणजे शेजारीपाजारी कुजबूज सुरू होते. कोणी दृष्ट लागली म्हणतो. कोणी मातेने गरोदरपणी ग्रहण पाळले नाही म्हणून तिलाच बोल लावतो. या बोलण्यात जे आठवडे निघून जातात, ते त्या बालकाला फार महाग पडतात. या विकारास जलशीर्ष म्हणतात. तो शाप नव्हे, व्याधी आहे, आणि तिच्यावर उपाय आहे.

परमेश्वराने मेंदूसारखा नाजूक अवयव कवटीच्या कठीण पेटीत ठेवून त्याच्याभोवती पाण्यासारखा निर्मळ द्रव खेळविला आहे. हा द्रव मेंदूच्या आतील पोकळ्यांत उत्पन्न होतो, मेंदू व मज्जारज्जू यांच्याभोवती फिरतो आणि अखेरीस रक्तात शोषला जातो. प्रौढ मनुष्याच्या ठायी तो एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असतो. परंतु दिवसभरात सुमारे ५०० मिलिलिटर नवा उत्पन्न होतो. वाहण्याची वाट बंद झाली, तरी झरा थांबत नाही. पाणी साचते व मेंदू दाबला जातो. ही वाट कधी जन्मतःच अरुंद असते; कधी पाठीच्या कण्याच्या जन्मजात दोषामुळे, मेंदूच्या आवरणाच्या क्षयामुळे, गाठीमुळे अथवा रक्तस्रावामुळे ती अडते.

प्रौढाची कवटी वाढू शकत नाही. म्हणून पहाटे उठताच डोकेदुखी, वांती व अंधुक दृष्टी ही दाब वाढल्याची लक्षणे असू शकतात. तान्ह्या बालकाच्या कवटीची हाडे मात्र अद्याप जुळलेली नसतात. त्यामुळे दाबाखाली मस्तकच वाढते. जन्मतः मस्तकाचा घेर सुमारे ३५ सेंटिमीटर असतो व वर्षअखेरीस तो सुमारे ४६ होतो. शिवणकामाच्या फितीने दरमहा हा घेर मोजून लिहून ठेवावा. पहिल्या तीन महिन्यांत तो महिन्याला सुमारे दोन सेंटिमीटरने वाढतो. त्याहून पुष्कळ अधिक वाढला, तर विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे. शांत बसविलेल्या बालकाचीही टाळू फुगलेली व ताठ असणे, मस्तकावरील शिरा ठळक दिसणे, बुबुळे खाली ओढल्यासारखी वाटणे, वारंवार वांती व सुस्ती, ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. टाळू भरणाऱ्या आजीबाईंच्या हाताला हा बदल पुष्कळदा प्रथम कळतो. मात्र मस्तक चोळून, दाबून किंवा फडक्याने आवळून ते लहान होत नाही.

उपचारात शल्यविशारद बहुधा एक बारीक नळी बसवितात. तिला शंट म्हणतात. कातडीखालून नेलेल्या या नळीतून साचलेला द्रव पोटात उतरतो व तेथे शोषला जातो. काही बालकांत दुर्बिणीच्या साहाय्याने मेंदूच्या आतच नवी वाट करता येते.

या नळीतील झडपेच्या इतिहासात दोन पित्यांची माया आहे. अमेरिकेत जॉन होल्टर या यंत्र-कारागिराच्या मुलास हा विकार होता. त्याने डॉक्टर युजीन स्पिट्झ यांच्यासह १९५६ साली एकमार्गी झडप सिद्ध केली. पुढे १९६० साली इंग्रजी लेखक रोआल्ड डाल यांचा चार महिन्यांचा मुलगा थिओ न्यूयॉर्क येथे मोटारीच्या धडकेने जखमी झाला व त्याची नळी वारंवार तुंबू लागली. डाल यांनी यंत्रज्ञ स्टॅन्ली वेड व शल्यविशारद केनेथ टिल यांच्या साहाय्याने १९६२ साली अधिक चांगली झडप तयार केली. तोवर थिओला तिची गरज उरली नव्हती; ती परक्यांच्या मुलांना उपयोगी पडली, आणि त्या तिघांनी तिच्यावर नफा घेतला नाही.

नळी बसविल्यावर मातापित्यांचे काम संपत नाही. ती तुंबू शकते, तिला जंतुसंसर्ग होऊ शकतो. अशा बालकास ताप, डोकेदुखी, वांती किंवा अकारण झोप येऊ लागली, तर काळ न दवडता रुग्णालयात न्यावे. प्रतिबंधही काही अंशी आपल्या हाती आहे: गर्भधारणेपूर्वीपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेतल्यास कण्याचे दोष पुष्कळ टळतात, आणि जन्मानंतर दिलेली बीसीजी लस मेंदूच्या क्षयापासून बालकाचे रक्षण करते.

योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध मनुष्यास पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, त्याचे की आईबापांचे? प्रभू येशूने दोघांनाही दोषमुक्त केले आणि त्या मनुष्यास दृष्टी दिली. आपल्या धर्मग्रामात असे बालक जन्मास आले, तर त्याच्या मातेला दोष न देता तिच्यासोबत रुग्णालयापर्यंत चालावे, प्रवासखर्चास हातभार लावावा, आणि प्रार्थनेत त्या बालकाचे नाव घ्यावे.