मुलांचे आजारपण, घरखर्च आणि बचतीची योग्य जागा

सप्टेंबर आणि ऑक्टोबर २०२५ या दोन महिन्यांत तीन घडामोडी पाठोपाठ घडल्या. २२ सप्टेंबरपासून वस्तू आणि सेवा कराचे सुधारित दर लागू होऊन बहुतेक औषधांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ३ ऑक्टोबर रोजी केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने लहान मुलांना खोकल्याची औषधे देण्याबाबत सावधगिरीचा इशारा दिला. १४ ऑक्टोबर रोजी भारतीय अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्याची मुभा काढून घेतली. हे तीन निर्णय तीन वेगवेगळ्या यंत्रणांचे असले, तरी ज्या घरात लहान मूल आहे त्या घराच्या दृष्टीने त्यांतून एकच प्रश्न पुढे येतो. मूल आजारी पडले असता घरातील पैसा कशावर खर्च व्हावा आणि कशावर होऊ नये?

आरोग्यावरील खर्चाचा मोठा वाटा भारतीय कुटुंबे आजही स्वतःच्या खिशातून उचलतात. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्य खर्चात अशा खर्चाचे प्रमाण २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होते. २०२१-२२ मध्ये ते ३९.४ टक्क्यांवर आले. ही घट निश्चितच लक्षणीय आहे. मात्र सरकारी विमा योजनांचा भर प्रामुख्याने रुग्णालयातील उपचारांवर आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण देते, ते रुग्णालयात दाखल झाल्यानंतर. सर्दी, ताप, खोकला, जुलाब यांसारख्या नेहमीच्या दुखण्यांचा खर्च मात्र महिन्याच्या मिळकतीतूनच भागवावा लागतो. एका वेळची रक्कम मोठी नसल्याने तिचा हिशेब कोणी ठेवत नाही. वर्षअखेरीस मात्र तिचा भार जाणवल्यावाचून राहत नाही.

या नेहमीच्या दुखण्यांपैकी जुलाबाचे उदाहरण विशेष बोलके आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, पाच वर्षांखालील ७.३ टक्के बालकांना सर्वेक्षणापूर्वीच्या दोन आठवड्यांत जुलाब झाल्याचे आढळले. त्यांपैकी ६०.६ टक्के बालकांना ओआरएस, अर्थात जलसंजीवनी मिळाली, तर जस्ताच्या गोळ्या केवळ ३०.५ टक्के बालकांना मिळाल्या. हे दोन्ही उपचार स्वस्त आहेत. आशा कार्यकर्त्यांकडे आणि सरकारी आरोग्य केंद्रांत ते विनामूल्य दिले जातात. तरीही दहांपैकी सुमारे चार बालकांपर्यंत पहिला आणि सातांपर्यंत दुसरा उपचार पोहोचला नव्हता. औषध महाग असणे हे याचे कारण म्हणता येणार नाही.

जलसंजीवनीची ताकद जगाला दिसली ती भारतातच. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेवाटे देण्याचे सलाईन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर व क्षारांचे द्रावण पिंपांत भरून ठेवले आणि ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेला मृत्युदर चार टक्क्यांच्या खाली आला. डॉ. महालनबीस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. आईने किंवा आजीने वाटी-चमच्याने द्यावयाचा उपचार रुग्णालयातील उपचाराच्या तोडीस तोड ठरू शकतो, हे त्या छावणीने सिद्ध केले.

या उपचाराचे मर्म त्याच्या प्रमाणात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ आणि ठरावीक मात्रेत अन्य क्षार असतात. साखर व मीठ योग्य प्रमाणात असेल तरच आतडे पाणी शोषून घेते. साखर जास्त झाल्यास उलट आतड्यात पाणी ओढले जाऊन जुलाब वाढण्याचा धोका असतो. ‘ओआरएस’ हा शब्द नावात मिरवणाऱ्या अनेक पेयांत साखरेचे प्रमाण या सूत्राच्या कितीतरी पट होते. हैदराबादमधील एका बालरोगतज्ज्ञ महिला डॉक्टरने अनेक वर्षे याविरुद्ध पाठपुरावा केल्यानंतर प्राधिकरणाने २०२२ आणि २०२४ मध्ये दिलेली मुभा रद्द केली.

या प्रकरणाची आर्थिक बाजूही पाहण्याजोगी आहे. साधारण वीस रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या पुडीपासून एक लिटर जलसंजीवनी तयार होते. गोड पेयाचे खोके बहुधा २०० मिलिलिटरचे असते आणि एका पुडीपेक्षा सहसा महाग पडते. म्हणजे पालक अधिक पैसे मोजून कमी आणि घातक ठरू शकणारी वस्तू घरी आणत होते, तीही मुलाच्या काळजीपोटी. पुडी विकत घेताना तिच्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे ना, हे पाहणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. पुडीवर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात ती संपूर्ण विरघळवावी, द्रावण चोवीस तासांत संपवावे, उरलेले टाकून द्यावे. सोबत डॉक्टरांच्या किंवा आशा कार्यकर्तीच्या सल्ल्याने जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस द्याव्यात. जुलाब थांबले म्हणून त्या मध्येच बंद करू नयेत. अंगावरचे दूध आणि नेहमीचा आहारही चालू ठेवावा.

खोकल्याच्या औषधांची कहाणी याहून दुःखद आहे. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात २०२५ च्या पावसाळ्याअखेरीस साध्या सर्दी-खोकल्यासाठी पातळ औषध घेतलेल्या बालकांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. अनेकांना उपचारांसाठी नागपूरला हलवण्यात आले; परंतु वीसहून अधिक बालके दगावली. तामिळनाडूतील कांचीपुरम जिल्ह्यात तयार झालेल्या त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रव्याचे प्रमाण ४८ टक्क्यांहून अधिक आढळले. अनुज्ञेय मर्यादा ०.१ टक्के आहे. महाराष्ट्राला हे विष अपरिचित नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच द्रव्याने दूषित झालेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्णांचा मृत्यू झाला होता आणि त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमण्यात आला होता.

छिंदवाड्यातील दोष पालकांचा नव्हता, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. औषधाच्या शुद्धतेची परीक्षा घरात करता येत नाही. ती जबाबदारी उत्पादक आणि औषध नियंत्रण यंत्रणेची आहे. परंतु त्यानंतर आलेल्या केंद्राच्या सूचनेत पालकांच्या उपयोगाची एक गोष्ट आहे. दोन वर्षांखालील बालकांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांसाठीही ती सर्वसाधारणपणे शिफारसयोग्य नाहीत, असे त्यात म्हटले आहे. लहान मुलांचा बहुतेक खोकला विषाणूजन्य असतो आणि तो औषधाविना बरा होतो. पुरेसे पाणी व द्रवपदार्थ, विश्रांती, नाक मोकळे करण्यासाठी मिठाच्या पाण्याचे थेंब एवढे सहसा पुरते. एक वर्षावरील मुलास थोडा मध देता येतो. त्याहून लहान बाळास मात्र मध कदापि देऊ नये. प्रतिजैविकांचा विषाणूंवर परिणाम होत नाही. पाकिटावर लाल रेघ असलेली औषधे डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याविना घेऊ नयेत, ही मोहीम २०१६ पासून सुरू आहे.

जेथे औषध खरोखरच हवे असते, तेथेही बचतीस वाव आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये सुरू झालेल्या जनऔषधी योजनेच्या केंद्रांची संख्या २०२५ मध्ये पंधरा हजारांच्या पुढे गेली. तेथील जेनेरिक औषधे नामांकित कंपन्यांच्या औषधांपेक्षा साधारणतः ५० ते ८० टक्के स्वस्त असतात. अडचण वेगळीच आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बहुधा व्यापारी नाव असते आणि ते बदलून देण्याचा अधिकार औषधविक्रेत्याला नसतो. जेनेरिक नाव लिहिणे बंधनकारक करणारी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची नियमावली ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्याच महिन्यात स्थगित करण्यात आली. त्यामुळे ‘औषधाचे मूळ नावही लिहून द्याल का?’ असे डॉक्टरांना नम्रपणे विचारणे, हाच सध्या पालकांच्या हातातील मार्ग आहे.

मात्र काटकसर चुकीच्या जागी झाली, तर तिची किंमत फार मोठी असते. मागच्या आजारातील उरलेले औषध पुन्हा देणे, मोठ्यांची गोळी अर्धी करून मुलाला देणे, ताप उतरताच औषधाचा क्रम अर्ध्यावर सोडणे यांतून पैसा वाचल्यासारखा वाटतो, पण आजार बळावतो. लसीकरणाबाबत तर पैशाची अडचण मुळीच येऊ नये. न्यूमोनिया आणि रोटाव्हायरस यांवरील लसी आता सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर विनामूल्य मिळतात. खासगी दवाखान्यात यांच्याच मात्रांसाठी हजारो रुपये पडतात. लस विनामूल्य आहे म्हणून ती कमी प्रतीची, हा समज निराधार आहे.

डॉक्टरांकडे नेण्यास विलंब करणे ही बचत नव्हे. बाळ काही पीत नसेल, सुस्त पडले असेल, प्रत्येक घोट उलटून पडत असेल, डोळे खोल गेले असतील, लघवी थांबली असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा झटके येत असतील, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, किंवा शांत असतानाही एका मिनिटात दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे श्वास ५० वा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० वा अधिक होत असतील, तर तो न्यूमोनियाचा संकेत असू शकतो. दोन महिन्यांखालील बाळाचा साधा तापही घरी अंगावर काढू नये. ही लक्षणे ओळखण्यास घड्याळ आणि लक्ष याखेरीज काही लागत नाही.

करकपातीने औषधाची किंमत काही रुपयांनी कमी होईल. परंतु जे औषध मुळात नकोच होते, ते स्वस्त मिळाल्याने कुटुंबाचा काहीच लाभ होत नाही. खरी बचत माहितीत आहे आणि ती माहिती पालकांपर्यंत पोहोचवणे हे शासनाचे कर्तव्य आहे. जलसंजीवनीची पुडी व जस्ताच्या गोळ्या प्रत्येक अंगणवाडीत असणे, औषधांच्या प्रत्येक घाण्याची तपासणी काटेकोरपणे होणे आणि आकर्षक नावांच्या आड दिशाभूल न होणे, ही त्याची तीन अंगे आहेत. २०२५ च्या निर्णयांनी त्या दिशेने पाऊल पडले, तेही बालकांचे बळी गेल्यानंतर. पुढचे पाऊल त्याआधी पडावे, एवढी अपेक्षा पालकांनी ठेवणे गैर म्हणता येणार नाही.