घाम फडाचा, दाम चॅनेलचा

पठ्ठे बापूराव १९४५ साली हलाखीत वारले. त्यांचे रेठरे हरणाक्ष तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज सांगलीत आहे. मृत्यूनंतरची ६० वर्षे केव्हाच उलटल्यामुळे त्यांच्या लावण्यांवर आता कुणाची मालकी नाही. त्या कुणीही खुशाल गाव्यात. परंतु आज जत्रेत उभे राहून त्या गाणाऱ्या कलावंतिणीचे काय?

समोरचा कुणी मोबाईलवर अख्खा वग टिपतो आणि यूट्यूबवर चढवतो. पाहणाऱ्याला तो फुकट. जाहिरातींचे पैसे मात्र कंपनी आणि चॅनेलवाला वाटून घेतात. वास्तविक १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताला आपल्या प्रयोगाच्या चित्रणावर हक्क दिला, २०१२ साली तो बळकटही झाला. चोरी आपोआप हुडकणारी ‘कंटेंट आयडी’ यंत्रणा २००७ पासून आहे, पण ती मोठ्या संगीत-चित्रपट कंपन्यांच्या दिमतीला. फडमालकाने चोरी स्वतः शोधायची, मग तक्रार करायची.

‘प्रसिद्धी तर मिळते ना,’ असे म्हणतात. प्रसिद्धीवर फडाचा ट्रक चालत नाही. सुपारी देतानाच ‘परवानगीशिवाय चित्रण नाही’ ही अट गावाने मान्य करावी, फडाने आपले चॅनेल काढावे. आणि बापूरावांसाठी हळहळणाऱ्या आपण निदान एवढे पाहावे, की वग कुणाचा आणि चॅनेल कुणाचे.