न छापलेला कायदा

खिलाडूवृत्ती हा मोठा सोज्ज्वळ शब्द आहे. परंतु त्याच्या आडून दंडेली चालू लागली, तर तिला दंडेलीच म्हटले पाहिजे. अमेरिकेतील धंदेवाईक बेसबॉलमध्ये हे वर्षानुवर्षे चालत आले आहे.

या खेळाला नियमांचे छापील पुस्तक आहे. आणि त्याखेरीज कोठेही न छापलेला एक कायदा आहे. आपली आघाडी मोठी असली की फलंदाजाने हात आखडता घ्यावा. पिचरचे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचे, पहिले तीन चेंडू वाईट पडले असतील, तर अशा वेळी चौथ्यावर बॅट फिरवू नये, हे त्यातले एक कलम.

17 ऑगस्ट 2020 रोजी सॅन दिएगोच्या फर्नांडो तातिस या एकवीस वर्षांच्या पोराने टेक्सासविरुद्ध असाच चौथा चेंडू कुंपणापलीकडे भिरकावला. संघ 7 धावांनी पुढे होता; या फटक्याने आणखी 4 मिळाल्या. छापील पुस्तकात हा गुन्हा नाही. तरी त्याच्याच मॅनेजरने त्याची चूक काढली, आणि टेक्सासच्या नव्या पिचरने पुढच्या फलंदाजाच्या पाठीमागून चेंडू फेकला! फटका एकाचा, धाक दुसऱ्याला. त्या पिचरला पुढे 3 सामन्यांची बंदी झाली, हे ठीकच झाले. 1920 साली क्लीव्हलंडचा रे चॅपमन डोक्याला चेंडू लागून दगावला होता. त्या चेंडूमागचा हेतू काहीही असो, चेंडूची ताकद तेव्हाच सर्वांना कळावयास हवी होती.

कोणी म्हणेल, हरणाऱ्याला आणखी चिरडू नये, ही माणुसकी नव्हे काय? पण बेसबॉलचा सामना घड्याळाच्या काट्यावर संपत नाही; शेवटचा गडी बाद होईपर्यंत कोणीच हरलेला नसतो. 5 ऑगस्ट 2001 रोजी सिॲटलच्या 14 धावा झाल्या होत्या आणि क्लीव्हलंडच्या 2. सामना क्लीव्हलंडने 15-14 असा जिंकला. मग पुढे असणाऱ्यानेच बॅट खाली का ठेवावी?

आपल्यालाही हा कायदा नवा नाही. 1947 साली सिडनीला विनू मंकडने, क्रीज सोडून पुढे सरकणाऱ्या बिल ब्राउनला नियमाप्रमाणे धावबाद केले. खुद्द ब्रॅडमनने मंकडची बाजू घेतली. तरी त्याच्या नावाची कित्येक दशके शिवी झाली. क्रिकेटच्या नियमांत या प्रकाराला ‘अनुचित खेळ’ या सदरातून काढून साध्या धावबादमध्ये बसविण्यास 2022 साल उजाडावे लागले.

मी शाळामास्तर आहे. जो नियम फळ्यावर लिहिण्याची माझी तयारी नाही, त्यासाठी पोरावर छडी उगारण्याचा मला अधिकार नाही, एवढे मला समजते.

मग खिलाडूवृत्ती कशाला म्हणावे? 2 जून 2010 रोजी डेट्रॉइटच्या आर्मांडो गलारागाने ओळीने 26 गडी बाद केले होते. सत्ताविसावाही बादच होता. पण पंच जिम जॉइस यांनी नाबाद दिला, आणि एक दुर्मिळ विक्रम हातचा गेला. गलारागा नुसता हसला. पंचांनी उघडपणे चूक कबूल केली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. दुसऱ्या दिवशी खेळाडूंची यादी पंचांच्या हाती द्यावयास गलारागाच मैदानात आला.

त्या हसण्याची सक्ती कोणी केली नव्हती. जिची किंमत माणूस स्वतःच्या पदरची मोजतो, ती खिलाडूवृत्ती. दुसऱ्याच्या पाठीवरून वसूल होते, ती नुसती गुंडगिरी. तिच्यावर परंपरेची शाल घातली म्हणून तिला नमस्कार करण्याचे कारण नाही.