दोन खाती, एक हृदय

परवा आमच्या निवृत्तांच्या कट्ट्यावर एक जुने सहकारी बऱ्याच दिवसांनी आले. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. ॲस्पिरिन, रक्तदाबाची गोळी, लघवी साफ होण्याची गोळी, सगळे वेळच्या वेळी चालू. तरी पायांना सूज, रक्तदाब चढलेला. डॉक्टरांनी खोदून विचारले तेव्हा कळले, की गुडघ्यांसाठी ते महिनाभर रोज आयबुप्रोफेन घेत होते. सांगितले का नाही? "अहो, ते काय औषध आहे? दुखण्याची गोळी ती!"

हे उत्तर घरोघरचे आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या वेदना शमवतात, पण शरीरात मीठ आणि पाणीही साठवतात. रक्तदाबाच्या अनेक औषधांचा जोर त्यामुळे कमी पडतो, मूत्रपिंडांवर ताण येतो. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन जिथे काम करते, ती जागाच आयबुप्रोफेन अडवून बसू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ साली तसे सावध केले होते. वॉरफरिन घेणाऱ्याला तर रक्तस्रावाचे भय. रोफेकॉक्सिब हे वेदनाशामक २००४ साली हृदयविकाराच्या धोक्यामुळेच जगभरातून मागे घेतले गेले.

डायक्लोफेनॅकची गोळी कायद्याने चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. पाकिटावर तसे छापलेलेही असते. पण चिठ्ठी मागतो कोण? आणि आपण तरी कुठे दाखवतो?

दुकानदाराला दोष देऊन मात्र भागणार नाही. संगणक येण्यापूर्वी एकाच गिऱ्हाइकाची दोन शाखांत खाती असली, की एका शाखेतली उचल दुसरीला कळत नसे. इथेही तेच. हृदयाचे डॉक्टर गुडघ्याचे विचारत नाहीत, हाडांच्या डॉक्टरांना हृदयाची फाईल दिसत नाही, आणि दुकानात तर खातेच नसते. मेळ घालणार कोण?

तो घरानेच घालायचा. आई-वडिलांच्या सगळ्या गोळ्या, अगदी डोकेदुखीचीसुद्धा, एका कागदावर लिहा आणि तो प्रत्येक डॉक्टरांपुढे ठेवा. हृदयरोग्याला दुखण्यावर पॅरासिटामॉल योग्य मात्रेत सहसा अधिक सुरक्षित. वॉरफरिन चालू असेल तर तेही विचारूनच. आणि हे वाचून हृदयाची गोळी मात्र परस्पर बंद करू नका.

आमच्या सहकाऱ्यांची सूज आता उतरली आहे. गुडघे अजून दुखतात, पण आता ते डॉक्टरांना विचारतात.