अंदमानचे पाणी : कोणत्या बेटावर, कोणी उतरावे?



या वेळी एका भगिनीचे पत्र हाताशी आहे. त्यांचे यजमान रेल्वेच्या कारखान्यात फिटर आहेत. एलटीसीवर अंदमानला जाण्याचा विचार चालला आहे. बरोबर अकरावीतली मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. मुलीने कुठेतरी चित्रे पाहून हट्ट धरला आहे की, पाठीला टाकी बांधून समुद्राच्या तळाशी जायचेच. ताई लिहितात, "आमच्यात पोहता कोणालाच येत नाही. एजंट म्हणतो, कुठल्याही बेटावर करा, सगळीकडे सारखेच आहे. हे खरे का? पैसे वाया जाणार नाहीत ना? आणि पोरीच्या जिवाला काही होणार नाही ना?"

ताई, सगळीकडे सारखे मुळीच नाही. बेट चुकले तर पैसे जातात, आणि माणसे व हवामान न पाहता उतरले तर जिवावरही बेतते. म्हणून हा विषय सविस्तर घेऊ या. इतरांनाही त्याचा उपयोग होईल.

प्रथम स्कूबा म्हणजे काय ते पाहू. पाठीवरच्या टाकीत ऑक्सिजन असतो असा पुष्कळांचा समज आहे. साध्या डायव्हिंगच्या टाकीत आपण श्वासात घेतो तीच हवा दाबून भरलेली असते. पाण्यात दर १० मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्यामुळे १० मीटर खाली छातीत घेतलेली हवा वर येताना फुगून दुप्पट होऊ पाहते. श्वास रोखून वर आले तर फुप्फुसाला इजा होते. म्हणून पहिला नियम एकच : पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही, संथपणे घेत-सोडत राहायचे. दुसरा नियम कानाचा. खाली जाताना कान दडे बसल्यासारखे होतात. नाक चिमटीत धरून हळूच हवा फुंकली की मोकळे होतात. न झाल्यास थोडे वर यावे, जोर करू नये. सर्दी झालेली असेल तर त्या दिवशी उतरूच नये.

पोहता न येणाऱ्याला एकदा अनुभव घेता येतो. प्रशिक्षक सतत धरून असतो आणि खोली १२ मीटरच्या आतच ठेवतात. वय किमान १० वर्षे लागते. म्हणजे ताईंच्या मुलीला चालेल, धाकट्याला नाही. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचा जुना आजार असणाऱ्यांनी आणि गरोदर भगिनींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाव घालू नये. आजाराचा फॉर्म भरताना काही लपवू नये. "पैसे भरलेत, आता काय करायचे" हा विचार तिथे फार महागात पडतो.

आता बेटांकडे वळू. अंदमान-निकोबारमध्ये लहानमोठी शेकडो बेटे आहेत, पण मनुष्यवस्ती थोड्याच बेटांवर आहे. निकोबारला सर्वसाधारण पर्यटकास जाता येत नाही. नावे बदललेली आहेत, तीही लक्षात ठेवा. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचे स्वराज द्वीप आणि नीलचे शहीद द्वीप झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे नाव श्री विजयपुरम ठेवण्यात आले. तिकिटावर एक नाव आणि लोकांच्या तोंडी दुसरे, यात गोंधळ होऊ देऊ नका.

पोर्ट ब्लेअर परिसर : ज्यांच्याकडे दिवस थोडे आहेत त्यांची सोय इथे होते. जुन्या लालसर वीस रुपयांच्या नोटेमागे माडाची झाडे आणि दीपगृह दिसते ना, तो देखावा इथलाच, नॉर्थ बेकडचा. धक्क्यावरून बोटीने लवकर पोहोचता येते. पण गर्दी फार असते, आणि गर्दीत प्रत्येकाच्या वाट्याला वेळ कमी येतो. डोक्यावर मोठे काचेचे टोप घालून तळावर चालवतात, तो सी-वॉकचा प्रकारही इथे आहे. चिडिया टापूकडे जरा शांतता असते, पण तिथल्या खडकांच्या जागा पाणी ओळखणाऱ्यांसाठी आहेत.

वांडूर आणि जॉली बॉय : आजी आणि नातवासाठी ही जागा मुद्दाम सुचवतो. १९८३ साली येथे सागरी राष्ट्रीय उद्यान झाले. वांडूरच्या धक्क्यावरून बोट सुटते. वर्षातील काही महिने जॉली बॉय बेट खुले असते आणि काही महिने रेड स्किन. परवानगी वनखात्याची लागते आणि प्लॅस्टिक नेण्यास बंदी आहे. तळाला काच असलेल्या होडीतून सासूबाईंना कपडेही न भिजवता प्रवाळ दिसतील. धाकट्याला लाइफ जॅकेट घालून, तोंडावर चष्मा व नळी लावून, पाण्यावर तरंगत पाहता येईल.

हॅवलॉक : पहिल्यांदा टाकी बांधणाऱ्यासाठी आमची पसंती हीच. पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येस सुमारे ४० किलोमीटर. सरकारी बोट स्वस्त पडते, पण तिकिटे लवकर संपतात. खासगी बोट महाग आणि वेगवान. डायव्हिंगची केंद्रे इथे सर्वांत जास्त, त्यामुळे चार ठिकाणी विचारून पारखता येते. नीमो रीफ ही जागा किनाऱ्यालगत उथळ आहे. नवख्यांना तिथेच उतरवतात. शेवाळी फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्रफुलात नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे जोकर मासे घर करून असतात, ते तिथे दिसतात. याच बेटाजवळ डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज अशा नावाजलेल्या जागा आहेत. मात्र त्या खोल आहेत आणि प्रवाहही असतो. पूर्ण शिक्षण घेतलेल्यांनीच तिकडे जावे. कोणी नवख्याला "तिकडेच नेतो" म्हणाला तर त्याच्याकडे पैसे भरू नका.

नील : लहान, शेतीवाडीचे, निवांत बेट. भाजीपाला इथे चांगला पिकतो. सायकलने फिरता येते. केंद्रे कमी, पण गर्दीही कमी. भित्र्या माणसाला घाई न करता शिकवणारा प्रशिक्षक इथे मिळाला तर हॅवलॉकपेक्षाही बरे. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरच्या खडकांतील डबक्यांतसुद्धा समुद्री जीव पाहता येतात.

बॅरन बेट : भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी. दीर्घ काळ शांत राहून १९९१ मध्ये तो पुन्हा उसळला. त्याभोवतीच्या पाण्यात डायव्हिंगसाठी मुद्दाम सफरी निघतात. त्या अनुभवी आणि पैसेवाल्यांच्या. आपल्यासाठी त्याचे नाव माहीत असणे पुरे.

म्हणजे ताई, तुमचा हिशेब असा बसतो : मुलीसाठी हॅवलॉकची उथळ जागा, सासूबाई व मुलासाठी वांडूरची बोट. एकाच जागी सगळ्यांना कोंबू नका.

महिना कोणता? पावसाळा मे अखेरपासून सुरू होतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही ईशान्येकडचा पाऊस येतो. जानेवारी ते एप्रिल हे महिने सर्वांत भरवशाचे. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी पावसाने शेकडो पर्यटक हॅवलॉक आणि नीलवर अडकून पडले, त्यांना काढायला नौदलास जावे लागले. म्हणून परतीच्या तिकिटाआधी एक दिवस मोकळा ठेवावाच.

हा मोकळा दिवस आणखी एका कारणासाठी हवा. डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसायचे नसते. दाबाखाली शरीरात मुरलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. वर हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊन सांधे दुखतात, कधी लकवाही होतो. एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर १८ तास थांबावे असा नियम आहे. आपण सरळ चोवीस तास धरावेत. त्यासाठी आधी हॅवलॉक करावे आणि सेल्युलर जेल शेवटच्या दिवशी पाहावे. एजंट बहुधा उलटा क्रम लावतात, तो बदलून मागा.

पैसे देण्याआधी पुढील प्रश्न न लाजता विचारा. इंग्रजी येत नाही म्हणून गप्प बसू नका, तिथे हिंदी सर्वांना समजते.

१) एका प्रशिक्षकाबरोबर किती जण उतरणार? नवख्यासाठी एकास एक हेच योग्य.
२) प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र दाखवाल का?
३) उथळ पाण्यात सराव किती वेळ करून घेणार?
४) पाण्याखाली प्रत्यक्ष किती मिनिटे? दरात बोट, साहित्य आणि फोटो धरले आहेत का?
५) समुद्र खवळला तर पैसे परत की दुसरा दिवस?
६) बोटीवर ऑक्सिजन आणि प्रथमोपचाराची पेटी आहे का? काही झाले तर कुठल्या दवाखान्यात नेणार?

ज्याला या प्रश्नांचा राग येतो, त्याच्याकडे जाऊ नये. किनाऱ्यावर मगरीच्या सूचनेचे फलक असतात, तेही वाचावेत. २०१० साली हॅवलॉकला मगरीने एका परदेशी पर्यटक तरुणीचा बळी घेतला होता.

खर्चाविषयी दोन शब्द. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना एलटीसीवर अंदमानसाठी विमानप्रवासाची खास सवलत मुदती वाढवून दिली जाते. मुदत आणि अटी आपल्या आस्थापना शाखेतून लेखी समजून घ्या, मगच तिकीट काढा. एजंटाच्या तोंडी शब्दावर काढलेले बिल नामंजूर झाले तर भुर्दंड आपल्याच पगारातून जातो. ज्यांना ही सोय नाही त्यांनी खंत करू नये. आपल्या सिंधुदुर्गात मालवण-तारकर्लीला एसटीने जाऊन हाच अनुभव घेता येतो. पाणी अंदमानइतके नितळ नसते, पण मासे दिसतात आणि भीती मोडते. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्थाही आहे. ज्या मुला-मुलींना पुढे यात काम करायचे असेल त्यांनी आधी पोहणे शिकावे. पहिल्या पूर्ण अभ्यासक्रमासाठीच २०० मीटर पोहणे आणि १० मिनिटे तरंगणे जमावे लागते. नगरपालिकेच्या तलावात ते शिकता येते. मुलींनाही पाठवा.

शेवटची गोष्ट प्रवाळाची. तो दगड नव्हे. लक्षावधी सूक्ष्म जीवांनी मिळून बांधलेली ती वसाहत आहे. समुद्र नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी तापला आणि तसाच राहिला की प्रवाळ पांढरे पडतात आणि पुष्कळदा मरतात. अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ साली हे घडले. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात उत्तरेकडील काही किनारे वर उचलले गेले आणि तिथले प्रवाळ उघडे पडून मेले. त्यामुळे जुन्या चित्रातले सगळे रंग आज प्रत्येक जागी दिसतीलच असे नाही. "सध्या कोणत्या जागेचे प्रवाळ जिवंत आहेत?" हेही केंद्रावर विचारा. खरे सांगणारा माणूस त्यावरूनही ओळखू येतो.

आणि मुलीला घरूनच सांगून ठेवा : प्रवाळाला हात लावायचा नाही, त्यावर पाय द्यायचा नाही, शिंपला खिशात घालायचा नाही. बोटभर प्रवाळ वाढायला वर्षे लागतात. आपल्यामागून येणाऱ्या मुलांनाही ते दिसले पाहिजे.

प्रवास सुखाचा होवो. जाऊन आल्यावर कोणत्या केंद्राने कसे वागवले आणि एकूण खर्च किती आला, ते जरूर कळवा. पुढच्या कुटुंबाला त्याचा उपयोग होईल.