फडातला रविवार

१० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी कामगारांना दर रविवारी सुट्टी देण्याचे मान्य केले. या तारखेला हल्ली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या छायाचित्राचा एक संदेश मोबाइलवर फिरतो. तो पुढे धाडणारा बहुधा येत्या रविवारी काजवे पाहायला भंडारदऱ्याला जायचे, की पावसाचा अंदाज बघून माळशेज गाठायचा, या विचारात असतो. त्यात वावगे काही नाही. सुट्टी मिळवली ती उपभोगण्यासाठीच. पण ती मिळायला किती वर्षे लागली आणि मिळाल्यावर ती कुठवर पोहोचली, हा हिशेब याच दिवशी मांडलेला बरा.

लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४च्या सप्टेंबरात परळच्या सुपारीबागेत त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारच्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. मागण्या आज वाचल्या तर साध्या वाटतात. आठवड्यातून रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्तापर्यंतच आणि पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. एवढ्यासाठी सहा वर्षे झगडावे लागले. २४ एप्रिल १८९०ला मुंबईत सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. ज्या काळात भल्या घरच्या बायका सभेच्या चिकाआडूनही फारशा डोकावत नसत, त्या काळातली ही गोष्ट. रविवार हा खंडोबाचा वार, तो गिरणीत घालवायला लावू नका, असेही लोखंड्यांनी मालकांना सुनावले होते, असे आवर्जून सांगितले जाते. साहेबाचा वार आणि मल्हारीचा वार एकच निघाला, हा योगायोग कामगारांच्या पथ्यावर पडला.

पुढच्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. स्वातंत्र्यानंतर १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ५२ने ती पक्की केली. मात्र हा सगळा प्रवास कारखान्याच्या फाटकाच्या आत झाला. फाटकाबाहेर काय आहे ते पाहायचे तर महाराष्ट्रात साखर कारखान्याइतकी सोयीची जागा नाही. गव्हाणीत ऊस पडला की पुढे त्याला हात लावणाऱ्या प्रत्येक माणसाला, मग तो मिलवर असो, पॅनवर असो की बॉयलरवर, आठवड्याची सुट्टी कायद्याने मिळते. कारखाना हंगामात चोवीस तास चालतो, तरीही मिळते. पाळ्या लावतात, बदली माणूस देतात, सुट्टी फिरती ठेवतात. कारखान्यातल्या हंगामी कामगाराला तर हंगाम संपल्यावरही बांधून ठेवण्यासाठी रिटेन्शनचा भत्ता असतो. तोच ऊस सकाळपर्यंत ज्यांच्या हातात होता, त्या तोडणाऱ्यांच्या पंचांगात रविवार नाही. वारांची नावे त्यांना बाजारापुरती लागतात.

बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी आणि आसपासच्या कोरडवाहू पट्ट्यातून दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. हिशेब माणसांचा नसतो, कोयत्यांचा असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा गडी असला तर अर्धा. टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि ती घरातल्या लग्नात, दवाखान्यात किंवा पेरणीत बहुधा जूनमध्येच संपलेली असते. पुढचे पाचेक महिने ती फेडायची. रानात कोपी घालायची, जवळ पाणी असले तर नशीब.

दिवस उजाडण्याच्या बराच आधी सुरू होतो. बाई आधी उठते. चूल, भाकरी, पोरांचे आवरणे, आणि उजेडाच्या आत फडात. पाचट सोलायचे, वाढे छाटायचे, मोळ्या बांधायच्या. दुपारनंतर त्याच मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून वर चढायचे. वाहन रात्री अकराला आले तर अकराला भरायचे. बैलगाडीवाल्यांचे निराळे हाल: गाडी भरून कारखान्याच्या तळावर जायचे, काट्याला नंबर लागेपर्यंत थंडीत रांगेत थांबायचे, मग रिकामी गाडी घेऊन पहाटेपर्यंत कोपीवर. अशा जीवनात ‘कामाची वेळ’ असे काही नसते. ऊस आणि वाहन हे दोघेच वेळ ठरवतात. उरलेल्या वेळात बाई वाढे विकते, पाणी आणते आणि उद्याच्या चुलीसाठी जळण गोळा करते.

सुट्टी मिळतच नाही असे मात्र नाही. कारखान्याचा टर्बाइन बिघडला, अवकाळी पावसाने फडात चिखल झाला, तळावर वाहने तुंबली, की टोळी बसते. तेवढ्यात कुणी कपडे धुते, कुणी बाजाराला जाते, गडीमाणसे झाडाखाली पत्ते कुटतात किंवा मेल्यासारखी झोपतात. गावाकडे म्हाताऱ्यांजवळ ठेवलेल्या पोरांना फोन लागतात. ज्या दिवशी पत्ते पडतात त्या दिवशी कोयत्याला छदामही मिळत नाही, कारण सगळा हिशेब टनावर आहे. उचल फिटायला तेवढा दिवस वाढतो, एवढेच. बाईला तर या बसलेल्या दिवशीही बसता येत नाही. धुणी, जळण, फाटके-तुटके शिवणे हे सारे त्याच दिवसासाठी राखून ठेवलेले असते. खंडोबाची चंपाषष्ठी मार्गशीर्षात येते, म्हणजे हंगाम ऐन भरात असताना. घरात देव्हाऱ्यात मल्हारी असलेली कितीतरी कुटुंबे त्या दिवशी जेजुरीच्या वाटेवरच्याच तालुक्यांत ऊस तोडत असतात.

ही बसलेल्या दिवसाची गोष्ट. आपण होऊन बसायचे ठरवले तर त्याला खाडा म्हणतात. ताप आला, पाळी आली, बाळंतपणाची वेळ जवळ आली, तरी खाडा तो खाडाच. दिवसाला पाचशे रुपयांपर्यंत खाडा कापल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत आहेत. एकाने न जाणे म्हणजे दोघांचा कोयता मोडणे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढलेल्या बायकांची प्रकरणे देशभर गाजली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढल्याचे दिसले. त्यामागे कारणे अनेक होती. लहान वयातली लग्ने, लागोपाठची बाळंतपणे, फडातली अस्वच्छता, भीती घालणारे डॉक्टर. पण खाडा चुकावा हेही त्यांतले एक कारण होते. आठवड्याची एक हक्काची सुट्टी नसण्याची इतकी मोठी किंमत गिरणगावातल्या कामगारांनीही मोजली नसावी.

ऊसतोड हे सर्वांत मोठे उदाहरण म्हणून इतके लांबवले. हंगामी रानकाम करणारे आणखीही आहेत आणि त्यांच्यातल्या काहींचा आपल्या शनिवार-रविवारशी अगदी थेट संबंध आहे. वेळासच्या किनाऱ्यावर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये समुद्राकडे धावणारी कासवाची पिल्ले पाहायला पुण्या-मुंबईची माणसे शनिवारी रात्री पोहोचतात. ती घरटी जपणारा कासवमित्र मात्र नोव्हेंबरपासून रोज पहाटे वाळू तुडवत असतो. मादी कासव वार बघून अंडी घालत नाही. कास पठारावर फुलांच्या मोसमात सर्वांत मोठी गर्दी रविवारची, म्हणजे तिथे तिकिटे फाडणाऱ्या, गाड्या लावणाऱ्या, फुलांत शिरणाऱ्यांना हाकलणाऱ्या आसपासच्या गावकऱ्यांसाठी रविवार हाच सर्वांत दमवणारा वार. जंगलातल्या वणव्यावर नजर ठेवायला वनखाते दरसाल १५ फेब्रुवारी ते १५ जून या काळापुरती माणसे घेते. डोंगरात रविवारच्या सहलीने विझवायची राहून गेलेली चूल नेमकी त्यांच्याच वाट्याला येते. या कामांत ऊसतोडीसारखी उचल आणि खाडा नाही, गावाजवळचा रोजगार आहे, अनेकांना त्याचा अभिमानही आहे. तेव्हा दोन्ही एकाच मापाने मोजू नयेत. एक धागा मात्र सारखा आहे. शहरातला माणूस छपराला विटून उघड्यावर जातो, आणि ज्यांचे पोट उघड्यावर आहे त्यांना विसावा म्हणजे छप्पर हवे असते. ट्रेकवाल्यांच्या गप्पांत ‘निसर्गाच्या सान्निध्यात राहायला मिळते, नशीबवान आहात’ हे वाक्य फार स्वस्त झाले आहे. ते ऐकणाऱ्या वनमजुराच्या चेहऱ्याकडे एकदा नीट पाहावे.

आता नेहमीचा आक्षेप. शेतीच्या कामाला सुट्टी परवडत नाही, तोडलेला ऊस वाळतो, उतारा घटतो. यातले अर्धे खरे आहे. तोडलेला ऊस लवकरात लवकर गाळावाच लागतो. म्हणून कारखाना रविवारी बंद ठेवा असे कुणीच म्हणत नाही. कारखान्याचा शेतकी विभाग कुठल्या गटातला ऊस कोणत्या तारखेला तुटेल याचा तोडणी कार्यक्रम महिनोन्‌महिने आधी आखतो. कुठल्या टोळीला कुठला फड, कुठले वाहन, सगळे कागदावर असते. जो विभाग हजारो एकरांच्या लागणीच्या तारखा सांभाळतो, त्याला टोळ्यांच्या सुट्ट्यांची फिरती यादी जमणार नाही हे पटणारे नाही. फाटकाच्या आत तोच कारखाना तेच रोज करतो. गिरणीमालकांनीही तेव्हा यंत्रे थांबली तर धंदा बुडेल असेच सांगितले होते. गिरण्या त्यानंतर नव्वद वर्षे चालल्या आणि बंद पडल्या त्या काही रविवारमुळे नव्हे.

दुसरा प्रश्न पैशाचा आणि तो खरोखर अवघड आहे. सुट्टी द्यायची तर पगारी द्यावी लागेल, नाहीतर टनावर पोट असलेला माणूस ती घेणारच नाही. जानेवारी २०२४मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि दर टनाला ३६६ रुपयांवर गेला. सहा दिवसांच्या कामामागे एका दिवसाची पगारी सुट्टी धरली तर टनाला साधारण ६१ रुपये वाढतात. २०२५-२६च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेली एफआरपी, म्हणजे उसाचा किमान भाव, टनाला ३,५५० रुपये होती. त्या मानाने ही रक्कम दोन टक्क्यांच्याही आत आहे. पण तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या बिलातून कापला जातो, तेव्हा ओरड आधी शेतकऱ्याची होईल, आणि ती रास्त असेल. तोडकऱ्याला खुशाली देऊन तो आधीच वैतागलेला आहे. साखर, इथेनॉल, वीज आणि मळी या सगळ्यांतून कमाई करणाऱ्या कारखान्याने हा भार उचलावा, की सरकारने टनामागे कारखान्यांकडून काही रक्कम घेऊन ती गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार महामंडळामार्फत द्यावी, यावर वाद घालता येईल. तो वाद निदान सुरू तरी व्हावा. हार्वेस्टर येत आहेत, मग माणसांची चिंता कशाला, हे उत्तर मात्र देऊ नये. यंत्र जाऊ शकत नाही अशा लहान, चढ-उताराच्या, पाणी साचणाऱ्या रानांत माणूसच लागणार आहे, आणि तिथला ऊस तोडणे सर्वांत कष्टाचे असते.

कायद्यांची तशी वाण नाही. १९४८च्या किमान वेतन कायद्यातही सात दिवसांत एका दिवसाच्या पगारी विसाव्याची तरतूद होती. ती फडापर्यंत आली नाही याचे कारण फडात मालक कोण हेच ठरत नाही. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम वाहतूकदाराकडे, वाहतूकदार पुन्हा कारखान्याकडे. लोखंडे ज्यांच्याशी भांडले ते गिरणीमालक निदान एका संघटनेत, एका पत्त्यावर सापडत होते. ऊसतोड कामगाराला संप करायचा तरी तो कोणाविरुद्ध, हे आधी शोधावे लागते. तरीही दरवाढीच्या वाटाघाटी करताना साखर संघ आणि कामगारांच्या संघटना समोरासमोर बसतात. म्हणजे पत्ता अगदीच हरवलेला नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये कारखान्यांचे पट्टे पडले, टोळ्या घरी परतल्या. आता जूनमध्ये गावोगावी मुकादमांचे फोन वाजू लागले आहेत. पुढच्या हंगामाची उचल वाटली जात आहे, स्टँपपेपर आणले जात आहेत, कोऱ्या धनादेशांवर सह्या होत आहेत. त्या करारांत कोयत्यांची संख्या असते, उचलीची रक्कम असते, कमिशन असते, पळून गेल्यास काय करायचे तेही असते. त्या कागदावर एका ओळीची भर घालायला अजून दोन-तीन महिने हातात आहेत.