आधी अर्ज तर करू द्या

भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयात बी.ए. किंवा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या पोरीने ‘मला परदेशात शिकायला अर्ज करायचा आहे’ असे म्हटले, की तिला मिळणारी उत्तरे ठरलेली असतात. ते पैसेवाल्यांचे काम. तुझे शिक्षण मराठी माध्यमातले. आपल्या विद्यापीठाला तिकडे विचारतो कोण? आणि समजा गेलीसच, तर परत कशाला येशील? ही उत्तरे देणारी माणसे वाईट नसतात. बहुधा मामा असतात, शेजारचे गुरुजी असतात, विभागातले सर असतात. त्यांची काळजी खरी असते, पण त्यांचा युक्तिवाद खरा नसतो. ज्या अडचणीपाशी या जिल्ह्यातला विद्यार्थी खरोखर अडतो, ती या चार उत्तरांत येतच नाही.

पैशाचा आक्षेप आधी घेऊ, कारण चारांत तोच वजनदार आहे. वडिलांच्या नावावर दोन-तीन एकर धानाची बांधी, आणि इंग्लंडमधल्या एका वर्षाच्या मास्टर्सचा खर्च फी व राहणे मिळून तीस-चाळीस लाखांच्या घरात. साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्ज मागितले की बँक तारण मागते, आणि शेतजमीन तारण म्हणून बहुतेक बँका घेत नाहीत. शहरातल्या फ्लॅटवर जे कर्ज मिळते ते लाखांदूरच्या बांधीवर मिळत नाही. इथपर्यंत आक्षेप बरोबर आहे. चूक पुढे होते. परदेशी शिक्षण म्हणजे स्वतःच्या खिशातून विकत घ्यायची वस्तू, असे गृहीत धरूनच सगळा हिशेब मांडला जातो.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ७५ जागांची. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १२५ जागांची आहे. इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त, आदिवासी आणि खुल्या प्रवर्गासाठी राज्याच्या वेगळ्या योजना आहेत. ब्रिटिश सरकारची चेवनिंग आहे, राष्ट्रकुल शिष्यवृत्ती आहे, युरोपीय संघाची इरॅस्मस मुंडुस आहे. अमेरिकेत वा युरोपात पीएच.डी. करणाऱ्याला बहुधा फी भरावी लागत नाही, उलट दरमहा पैसे मिळतात. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. मात्र व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी खात्यात अडकवून दाखवावे लागतात, आणि ती रक्कम दहा लाख रुपयांच्या वर जाते. तेव्हा ‘जर्मनीत फुकट’ ही जाहिरातही अर्धीच खरी.

आता क्रम पाहा. राज्याच्या शिष्यवृत्तीसाठी परदेशी विद्यापीठाचे विनाअट प्रवेशपत्र, म्हणजे ‘अनकंडिशनल ऑफर’, हातात असावे लागते. म्हणजे प्रवेशाचा अर्ज आधी, पैशाचा अर्ज नंतर. आपल्याकडे सल्ला मात्र उलटा मिळतो, की पैशाची सोय झाली तरच अर्ज कर. या सल्ल्याने किती पोरे दारापर्यंतही पोचली नाहीत, याची नोंद कुठल्याच कार्यालयात होत नसते.

शिष्यवृत्ती म्हणजे हमी, असे मात्र कोणी सांगू नये. २०२५ मध्ये राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीसाठी निवड झालेल्या १०६ जणांपैकी सुरुवातीला ४० जणांनाच पत्रे मिळाली. उरलेल्यांना निधी उपलब्ध झाला तर देऊ, असे कळवण्यात आले. त्याआधी २०२२ मध्ये याच योजनेतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातल्या गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याने भारतातील जातींवर निबंध वाचला होता. आजचा नियम लावला तर त्या विषयाला अनुसूचित जातींसाठीच्या शिष्यवृत्तीत जागा नाही. हा नियम करणाऱ्यांना या विसंगतीचे काही वाटले असेल, असे दिसत नाही. पण यातून निघणारा निष्कर्ष ‘अर्ज करू नका’ असा नाही. एकाच योजनेवर विसंबू नका, आणि योजना बिघडवणाऱ्यांशी भांडा, असा आहे.

पैशाच्या प्रश्नाला दुसऱ्या टोकाचेही उत्तर आहे आणि ते जास्त घातक आहे. नागपुरात ‘शंभर टक्के व्हिसा’चे फलक लावून बसलेले सल्लागार भंडाऱ्यापासून तासा-दीड तासावर आहेत. सल्ला मोफत असतो, कारण पैसे तिकडून येतात. ज्या विद्यापीठात विद्यार्थी पाठवला ते विद्यापीठ दलाली देते. साहजिकच जिथे दलाली नाही, ती जर्मनीची सरकारी विद्यापीठे किंवा पूर्ण शिष्यवृत्तीचे अभ्यासक्रम त्यांच्या यादीत फारसे वर येत नाहीत. घर गहाण टाकून कुठल्याशा साधारण विद्यापीठात जायचे आणि तिथली नोकरी कर्ज फेडेल या भरवशावर राहायचे, हा व्यवहार आता आणखी जोखमीचा झाला आहे. कॅनडाने २०२४ मध्ये विद्यार्थी-परवान्यांवर मर्यादा घातली. ब्रिटनने त्याच वर्षापासून मास्टर्सच्या बहुतेक विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत नेणे बंद केले. अमेरिकेने २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी व्हिसाच्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले. अशा वेळी मामा ‘नको’ म्हणत असतील, तर या प्रकारच्या जाण्यापुरते मी मामांच्या बाजूचा आहे.

भाषेच्या आक्षेपात फार वेळ घालवण्यासारखे काही नाही. बहुतेक ठिकाणी आयईएल्टीएसमध्ये साडेसहा ते सात गुण लागतात. ही परीक्षा उच्चारांची ऐट तपासत नाही. एखाद्या मुद्द्यावर सरळ चार परिच्छेद लिहिता येतात का, व्याख्यान ऐकून टिपता येते का, हे ती पाहते. सहा महिने रोज दोन तास दिले तर मराठी माध्यमातला चांगला विद्यार्थी तिथे पोचतो. तिची फी पंधरा-वीस हजारांच्या घरात आहे आणि ती जड आहे, हे मान्य. पण जड आणि अशक्य यांत फरक आहे. पदवी इंग्रजी माध्यमातून झाली असेल तर काही विद्यापीठे महाविद्यालयाच्या दाखल्यावर ही परीक्षा माफही करतात. हे विचारायला एक ईमेल पुरतो.

विद्यापीठाच्या नावाचेही तसेच. शिष्यवृत्तीच्या नियमांत जागतिक क्रमवारीची अट असते ती जिथे जायचे त्या विद्यापीठासाठी, जिथून आलो त्यासाठी नाही. १९२३ साली स्थापन झालेले नागपूर विद्यापीठ तिकडच्या प्रवेश-कार्यालयांना अनोळखी नसते. ते टक्केवारी आणि श्रेणी पाहतात. अमेरिकेतल्या बऱ्याच अभ्यासक्रमांना तीन वर्षांची पदवी अपुरी पडते, ही अडचण खरी आहे. पण ती पुण्या-मुंबईच्या तीन वर्षांच्या पदवीलाही तितकीच लागू आहे. ब्रिटनमध्ये तीन वर्षांची पदवी चालते.

उरला परत येण्याचा प्रश्न. हा आक्षेप देशभक्तीच्या सुरात घेतला जातो म्हणून त्याला उत्तर द्यायला लोक कचरतात. भंडाऱ्यातून माणसे जात नाहीत का? रोवणी आटोपली की मजूर नागपूर, हैदराबाद, सुरत गाठतात. डिप्लोमा झालेला पोरगा पुण्याच्या कारखान्यात जातो, इंजिनिअर हिंजवडीत जातो, आणि गावात पेढे वाटले जातात. तिथे कोणी बुद्धीच्या गळतीचे नाव काढत नाही. गावापुरते पाहिले तर हिंजवडी आणि हायडलबर्ग सारखेच दूर आहेत.

परतण्याचे उदाहरण हवे असेल तर ते भंडारा जिल्ह्याच्याच इतिहासात आहे. १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून उभे होते. कोलंबिया आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या पदव्या असलेला हा माणूस इथल्या गावांतून मते मागत फिरला आणि पडला. परदेशी शिकलेला परत येत नाही असे म्हणणाऱ्या जिल्ह्याने, आलेल्याचे आपण काय केले हेही आठवावे. ही झाली बोचरी बाजू. दुसरी बाजू अशी की आंबेडकरांच्या शिक्षणाची कहाणी अर्जांचीच कहाणी आहे. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली, ती दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याच्या कराराने. १९१७ मध्ये ती संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धा सोडून यावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन पुढे शिकण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली होती. मग सिडनेहॅम महाविद्यालयात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत घेतली, नवल भथेना या मित्राकडून उसने घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. डी.एस्सी. झाली १९२३ मध्ये. पैसे हाती येईपर्यंत त्यांनी ती परवानगी मागितलीच नसती, तर लंडनला हे परतणे घडले नसते.

याच कहाणीतला एक तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९१६ मध्ये आंबेडकर न्यूयॉर्कहून लंडनला निघाले तेव्हा कोलंबियातले त्यांचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी लंडनच्या हर्बर्ट फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी पत्र लिहिले. विद्यार्थ्याला ओळखणाऱ्या शिक्षकाने, ज्याच्या शब्दाला वजन आहे अशा दुसऱ्या शिक्षकाला लिहिलेले पत्र. आपण आता जिथे येऊन पोचलो ती हीच न सांगितली जाणारी पाचवी अडचण.

आज परदेशी प्रवेशाला दोन-तीन शिफारसपत्रे लागतात. आपल्याकडे विद्यार्थी सरांकडे जातो तेव्हा सर प्रेमाने म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ विद्यार्थी इंटरनेटवरून नमुना उतरवतो. त्यात तो ‘हुशार, मेहनती आणि नम्र’ असतो. तिकडे निवड करणाऱ्या समितीपुढे असे हुशार, मेहनती आणि नम्र अर्जदार शेकड्यांनी पडलेले असतात. या मुलीने तिसऱ्या सत्रात कोणता प्रकल्प केला, तिने वर्गात कोणता प्रश्न विचारून सरांना अडवले, हे त्या पत्रात नसते. ते फक्त सरच लिहू शकतात आणि सरांना ते लिहायला कोणी शिकवलेले नाही. शिवाय पत्र बहुधा सरांनी स्वतःच, संस्थेच्या अधिकृत ईमेलवरून विद्यापीठाच्या पोर्टलवर चढवायचे असते. सरांचा पत्ता जीमेलचा असतो आणि त्याचा पासवर्ड मुलाला माहीत असतो. तिकडच्या कार्यालयाला शंका येते. मुलाला नकार येतो आणि तो समजतो की आपण कमी पडलो.

उद्देशपत्राचीही तीच गत आहे. ‘लहानपणापासून मला विज्ञानाची आवड होती’ या वाक्यापासून सुरू होणारे पत्र कुठल्याही जिल्ह्यातून येऊ शकते. भंडाऱ्याच्या मुलाकडे लिहायला काय आहे ते पाहा. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेली गावे आणि त्यांचे पुनर्वसन. शेकडो मालगुजारी तलाव, त्यातला गाळ आणि त्यावर जगणारा ढिवर समाज. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथल्या मँगनीजच्या खाणी. आंधळगावचा कोसा, पवनीचे स्तूप. पाणी-धोरण, मत्स्यशास्त्र, खनिज अभियांत्रिकी, वस्त्र-अभिकल्प, पुरातत्त्व, यांतल्या प्रत्येक विषयाला इथे जिवंत प्रश्न आहे. तो आपल्या अभ्यासाशी जोडून लिहायचा असतो. एक सावधगिरी मात्र हवी. गरिबी विकू नये. घरच्या हलाखीवर दोन पाने आणि विषयावर दोन ओळी अशी पत्रेही बरीच जातात, आणि ती लिहिणाऱ्याचा अपमान करतात.

हे सगळे शिकवता येते याला पुरावा आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातले, शेतकरी घरातून शिकणाऱ्या पहिल्या पिढीतले राजू केंद्रे २०२१ मध्ये चेवनिंगवर लंडनच्या सोआसमध्ये गेले. त्यांची एकलव्य संस्था आज त्यांच्यासारख्याच घरांतल्या विद्यार्थ्यांना परदेशी अर्जांची तयारी करून देते. म्हणजे बुद्धी होती, पैशाचे मार्गही होते. हात धरून कागद करवून घेणारे कोणी नव्हते. पण हे काम एखाद्या संस्थेच्या उत्साहावर का सोडायचे? ज्या महाविद्यालयाने तीन वर्षे फी घेतली त्याचे ते काम आहे. ‘नॅक’च्या मूल्यांकनात किती विद्यार्थी पुढच्या शिक्षणाला गेले याचे गुण असतात, म्हणजे यात महाविद्यालयाचा स्वार्थही आहे.

‘आमच्याकडे माणूस नाही, निधी नाही’ हे उत्तर येईलच. निधी कशाला लागतो ते सांगावे. शैक्षणिक संस्थांना अधिकृत ईमेलची मूळ सोय गूगल फुकट देते. शिफारसपत्र कसे लिहायचे यावर शिक्षकांचे एक दुपारचे सत्र विद्यापीठ घेऊ शकते. अर्जाची फी माफ करा अशी विनंती केली तर काही अमेरिकी विद्यापीठे ती करतात. अशा विनंतीचा मसुदा एकदा तयार केला की दरवर्षी चालतो. गुणपत्रकांचे ट्रान्स्क्रिप्ट, जातवैधता, उत्पन्नाचा दाखला, पासपोर्ट यांना लागणारा वेळ धरून वेळापत्रक फलकावर लावायला कागद आणि टाचण्या लागतात.

वेळापत्रकाचे महत्त्व धान पिकवणाऱ्या जिल्ह्याला समजवायला नको. परे वेळेवर टाकले नाहीत तर रोवणीला काय लावणार? पुढच्या सप्टेंबरला वर्गात बसायचे तर या वर्षीच्या जूनमध्ये सुरुवात हवी. चेवनिंगचा अर्ज ऑगस्टमध्ये उघडतो आणि ऑक्टोबरच्या सुमारास बंद होतो, आणि त्याला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. म्हणून ज्याने नुकतीच पदवी घेतली त्याने त्याच्या नादी लागू नये. अमेरिकेतल्या बऱ्याच मुदती डिसेंबरात संपतात. आपल्याकडे पोरे विचारायला येतात एप्रिलमध्ये, परीक्षा जवळ आल्यावर. तेव्हा त्यांना ‘आता उशीर झाला’ असे सांगणारे सर खरेच बोलत असतात. फक्त हे वेळापत्रक त्यांनी जूनमध्ये दुसऱ्या वर्षाच्या वर्गात जाऊन सांगायचे होते, आणि तिथेच शिफारसपत्रासाठी त्या मुलीचा प्रकल्प नीट वाचून ठेवायचा होता.